ओढ्यात राडारोडा आणि हातात सुप्रीम कोर्टाचा निकाल : उपयोग होतो का?

ओढ्याकाठची | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज वैतागून लिहितेय.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ओढा आहे. म्हणजे नकाशात ओढा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाला, आणि रात्री अकरानंतर येणाऱ्या डंपरवाल्यांच्या लेखी फुकटचा खड्डा. दिवाळीपासून रोज राडारोडा पडतोय. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, पीओपीचे तुकडे. परवा तर एक अख्खं कमोड आलं. पात्र निम्मं उरलंय. २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या रात्री आमच्याकडे फक्त पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. आता तेवढाच पाऊस झाला तर तळमजल्यावरच्या आजींना उचलून वर न्यावं लागेल.

क्षेत्रीय कार्यालयात तीन चकरा झाल्या. उत्तर एकच, "मॅडम, जेसीबीला तरतूद नाही, पुढच्या बजेटात बघू."

माझा भाचा लॉ करतोय. तो म्हणाला, मावशी, रतलामचा निकाल दाखव त्यांना. पैसे नाहीत ही सबब चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच सांगितलंय. मी खरंच प्रिंट काढून नेली. साहेबांनी पहिलं पान पाहिलं, "हे मध्य प्रदेशातलं आहे" म्हणाले आणि कागद परत दिले.

तर प्रश्न असा, की हे गाजलेले निकाल आपल्यासारख्यांच्या कामाला येतात का? की ते फक्त पुस्तकात आणि पेपरच्या पहिल्या पानावर?

तिरकस पेठकर | रविवार, सकाळी ११:४१

ताई, चूक तुमचीच. प्रिंट रंगीत काढून स्पायरल बाइंडिंग करून न्यायची. निदान टेबलावर ठेवून घेतली असती.

बाकी निकालांचं म्हणाल तर आपल्या देशात पर्यावरणावरचे निकाल उत्तम असतात आणि नद्या काळ्या असतात. दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र नांदतात.

पिंपळपान | रविवार, दुपारी १२:०५

"हे मध्य प्रदेशातलं आहे" 😂😂 वाचनखूण साठवली.

काळा कोट पिकली मिशी | रविवार, दुपारी ३:३०

ताई, जेवून निवांत बसून लिहितोय, लांबेल.

आधी तुमच्या साहेबांचं उत्तर. राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशभरच्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो. गाव रतलाम असो की राहाता. पण त्यांची बाजूही समजून घ्या. तुम्ही त्यांच्यापुढे निकाल ठेवलात, त्यांच्या नावाचा आदेश नव्हे. निकालातलं तत्त्व तुमच्या ओढ्याला लागू करून त्याचा आदेश कुणीतरी काढावा लागतो. ही मधली पायरी वगळली की निकाल म्हणजे रद्दी.

रतलामची गोष्ट मूळातून पाहा, कारण ती जवळजवळ तुमचीच आहे. एका रस्त्यावरची माणसं, उघडी गटारं, वरून कारखान्याचं घाण पाणी आणि नगरपालिका म्हणते पैसे नाहीत. ती माणसं सुप्रीम कोर्टात गेलीच नव्हती! ती गेली दंडाधिकाऱ्याकडे, सार्वजनिक उपद्रवाच्या तक्रारीवर, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली. दंडाधिकाऱ्याने सहा महिन्यांत आराखडा करा असा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो फिरवला, उच्च न्यायालयाने परत उभा केला, आणि मग नगरपालिकाच अपिलात दिल्लीला गेली. तिथे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिला सुनावलं, की सार्वजनिक आरोग्य राखण्यासाठीच तुमचा जन्म आहे, तिजोरीकडे बोट दाखवून त्यातून पळता येणार नाही.

ते कलम १३३ आजही जिवंत आहे, फक्त घर बदललंय. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून नांदतंय. अर्ज प्रांतसाहेबांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. रतलामची प्रिंट अर्जाला जोडा, अर्जाच्या जागी देऊ नका.

आता या निकालांनी कायदा कसा बदलला ते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरण घटनेत आलं, कलम ४८ अ आणि ५१ अ. पण ४८ अ मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. त्याच्या जोरावर थेट कोर्टात दाद मागता येत नाही. मग कोर्टाने ते कलम २१ मध्ये, जगण्याच्या हक्कात आणून बसवलं. १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात शुद्ध हवा-पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं स्पष्ट म्हटलं. गंमत म्हणजे ती याचिका फेटाळली गेली. अर्जदाराचा स्वतःचा स्वार्थ होता असं कोर्टाचं मत पडलं. माणूस हरला आणि त्याच्या खटल्यातलं वाक्य गेली पस्तीस वर्षं प्रत्येक याचिकेत येतंय.

भोपाळच्या वायुगळतीनंतर वर्षभरात, डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. तोवर आपण १८६८ चा इंग्लंडमधला एक नियम चालवत होतो. धोकादायक वस्तू बाळगणारा जबाबदार, पण दैवी आपत्ती, परक्या माणसाचं कृत्य वगैरे पळवाटा ठेवून. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने २० डिसेंबर १९८६ ला त्या पळवाटा बुजवल्या. धोकादायक धंद्यातून नुकसान झालं की भरपाई द्यायचीच, काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच नाही. त्या दिवशी भगवती निवृत्त झाले. जाता जाता केवढं काम केलं बघा.

मग आलं १९९६. फेब्रुवारीत उदयपूरजवळच्या बिछडी गावाचा निकाल. रासायनिक कारखान्यांनी विहिरींचं पाणी लाल-काळं केलं होतं, ती साफसफाई कारखान्यांच्या खर्चाने. ऑगस्टमध्ये वेल्लोरच्या चामडे कारखान्यांचा निकाल. त्यात सांगितलं की नुकसान होईल याचा शंभर टक्के पुरावा येईपर्यंत थांबायचं नाही, आणि आपण निरुपद्रवी आहोत हे प्रकल्पवाल्यानेच सिद्ध करायचं. ही तत्त्वं तेव्हा कुठल्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. चौदा वर्षांनी संसदेने हरित न्यायाधिकरणाचा (म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास कोर्टाचा) कायदा केला तेव्हा त्याच्या कलम २० मध्ये ती जशीच्या तशी येऊन बसली. शाश्वत विकास, खबरदारी, प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजणे. आधी निकाल, मग कायदा.

चहा आला. उरलेलं नंतर.

तिरकस पेठकर | रविवार, दुपारी ४:०२

वकीलसाहेब, छान लिहिलंत, पण बिछडीच्या गोष्टीचा उत्तरार्ध गाळलात. साफसफाईची रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाखांच्या वर. कारखानदारांनी अर्जावर अर्ज टाकून ती वर्षानुवर्षं लांबवली. शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने चिडून १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. पंधरा वर्षं! तोवर त्या गावातल्या बायका कुठलं पाणी भरत होत्या, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

काळा कोट पिकली मिशी | रविवार, सायं. ६:१५

पेठकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. म्हणून तर ते चक्रवाढ व्याज महत्त्वाचं. तारखा घेत राहणं हा आजवर फायद्याचा धंदा होता, त्या निकालाने तो महाग केला. उशीर झाला हे मान्य. पण त्यापुढच्या माणसाला तो हिशेब घालावा लागतो.

नदीवेडी | रविवार, रात्री ९:१०

पुण्यातली उदाहरणं कुणीच देत नाही म्हणून येते.

विठ्ठलवाडीपासून वारज्याच्या बाह्यवळणाकडे मुठेच्या पात्रातून रस्ता काढत होते, आठवतोय? ट्रकच्या ट्रक भराव टाकला होता. काही पुणेकर हरित न्यायाधिकरणात गेले आणि ११ जुलै २०१३ ला आदेश आला, की निळ्या पूररेषेच्या आतला रस्ता हलवा आणि टाकलेला भराव काढा. त्या निकालाआधी 'निळी रेषा' हा शब्द पाटबंधारेवाल्यांखेरीज कुणाच्या तोंडी नव्हता. आता फ्लॅट घेताना लोक विचारतात, रेषेच्या आत आहे की बाहेर. आणि समोर प्रतिवादी कोण होतं? महापालिका. वाळू माफिया वगैरे नव्हे.

दुसरं, कोंढवा बुद्रुक. १८७९ साली राखीव वन म्हणून जाहीर झालेली जमीन. त्यातली ११.८९ हेक्टर, म्हणजे २९ एकर १५ गुंठे, १९९८ मध्ये शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली, आणि पुढच्याच वर्षी ती विकायची परवानगीसुद्धा निघाली. घेणारी गृहनिर्माण संस्था. शेती कसली होणार होती ते तुम्हीच ओळखा. १५ मे २०२५ ला सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने सगळा व्यवहार रद्द केला आणि तीन महिन्यांत जमीन वनखात्याला परत द्या म्हणून सांगितलं. गवईंनी आदल्या दिवशीच शपथ घेतली होती. वर सगळ्या राज्यांना सांगितलं, की महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन अशी कुणाला वाटली आहे का ते पथक नेमून शोधा.

माझा आवडता तपशील पुढे आहे. हा निकाल ज्या याचिकेत आला ती १९९५ ची आहे. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड नावाच्या गृहस्थांनी निलगिरीतल्या लाकूडतोडीविरुद्ध केलेली. १२ डिसेंबर १९९६ ला त्यात कोर्टाने ठरवलं, की 'वन' म्हणजे सरकारी दप्तरात नोंद असलेलंच नव्हे, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, मालक कुणीही असो. कोर्टाने ती याचिका बंदच केली नाही. मूळ अर्जदार वारले, याचिका चालूच. तीस वर्षांनी तिच्यातून आपल्या कोंढव्याची टेकडी सुटली.

काळा कोट पिकली मिशी | रविवार, रात्री ९:४८

वा, नदीवेडी! त्याला पुरवणी. १२ डिसेंबरला वनाचा आदेश, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबर १९९६ ला बियास नदीचा निकाल. तिथे एका मोटेलने आपली इमारत वाचवायला बुलडोझर लावून नदीचा प्रवाहच वळवला होता. कोर्ट म्हणालं, नदी, किनारा, जंगल यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. जनतेच्या वतीने सांभाळायला दिलेली वस्तू खासगी माणसाला देऊन टाकता येत नाही. लेकराच्या नावावरच्या दागिन्यांसारखं. बापाने सांभाळायचे, मोडायचे नाहीत.

ताई, तुमच्या ओढ्यालाही हेच लागू.

सिंचनवाले अप्पा | सोमवार, सकाळी ७:०५

जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो, म्हणून रेषांबद्दल दोन शब्द. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत पात्र मोकळं सोडायचं, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर वापर. लोकांना वाटतं पंचवीस वर्षांत एकदा म्हणजे एकदा आला की चोवीस वर्षं सुट्टी. तसं नसतं. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं तेव्हा हे पुन्हा समजावून सांगावं लागलं.

ओढ्याकाठची ताई, प्रत्येक ओढ्याला रेषा आखलेली असतेच असं नाही. आधी विकास आराखड्याच्या नकाशाची प्रत घ्या आणि तिथे तुमचा ओढा ओढा म्हणून दाखवलाय का ते पाहा. जुना गट नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्यावरून मूळ रुंदी कळते. मग आज टेप लावून रुंदी मोजा, सोसायटीतल्या दोघांच्या सह्या घ्या. कोर्टात 'पात्र निम्मं झालं' चालत नाही. अमुक मीटरचं तमुक मीटर झालं असं लागतं.

पिंपळपान | सोमवार, सकाळी १०:३०

लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे (नाही, मी तो भाचा नाही). माझी शंका वेगळी आहे. निकालांवर कायदा उभा राहतो म्हणता, पण निकालच फिरले तर?

१६ मे २०२५ ला, म्हणजे कोंढव्याच्या दुसऱ्याच दिवशी, न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी 'वनशक्ती' खटल्यात सांगितलं, की आधी बांधा आणि मागून पर्यावरण मंजुरी घ्या हे चालणार नाही. २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चं परिपत्रक दोन्ही रद्द. आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या. १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. बहुमत म्हणालं, आधीचे काही निकाल लक्षात घेतले गेले नव्हते आणि हजारो कोटींची सार्वजनिक कामं पाडावी लागतील. न्या. भुयान यांचं मत विरुद्ध होतं. सहा महिन्यांत मागे! आणि मागे घेणाऱ्या बहुमतात कोंढवावाले सरन्यायाधीश होते. आता परीक्षेत काय लिहू?

तिरकस पेठकर | सोमवार, सकाळी १०:५२

परीक्षेत दोन्ही लिहा, आणि 'प्रकरण सुनावणीसाठी प्रलंबित' असं म्हणून उत्तरपत्रिका मागे घ्या.

हप्तेवाला | सोमवार, दुपारी १:१५

या धाग्यावर सगळे नदीच्या बाजूने बोलतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शिव्या घाला, हरकत नाही.

सिंहगड रस्त्याकडच्या एका मोठ्या गृहप्रकल्पात मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त बांधकाम झालं म्हणून १० ऑगस्ट २०१८ ला सुप्रीम कोर्टाने शंभर कोटी किंवा प्रकल्प खर्चाच्या दहा टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल ती भरायला लावली. माझा फ्लॅट तिथे नाही, पण तसल्याच दुसऱ्या एका ठिकाणी आहे. आमच्या बिल्डरने पर्यावरण मंजुरीचा कागद दाखवला होता. त्यात किती चौरस मीटर लिहिलेत आणि प्रत्यक्षात किती उभे आहेत हे कोण मोजतं हो? बँकेने कर्ज दिलं, नोंदणी झाली, आणि सहा वर्षांनी कळतं की आपला मजला कागदावर नाहीच. पाडा म्हटलं तर आम्ही रस्त्यावर, पाडू नका म्हटलं तर नियम मोडणारा जिंकला. नोव्हेंबरचा निकाल मला बरा वाटला हे कबूल करतो, आणि बरा वाटल्याची लाजही वाटली.

काळा कोट पिकली मिशी | सोमवार, सायं. ७:२०

हप्तेवाले, शिव्या कशाला, तुमचा प्रश्न या सगळ्यातला सगळ्यात अवघड आहे. २०१८ च्या त्या निकालात कोर्टाने इमारती पाडल्या नाहीत, पैसे वसूल केले. राहणारे वाचले, पण दंडाचा आकडा असा ठेवला की पुढच्याला नफ्या-तोट्याचं गणित जुळू नये. माझ्या मते ही वाट बरी, जर पैसे खरंच वसूल झाले आणि पर्यावरणावरच खर्च झाले तर. या 'जर'वर मी पैज लावणार नाही.

पिंपळपान, निकाल फिरतात. म्हणून मी दोन थर मानतो. कलम २१, प्रदूषकाने किंमत मोजणे, विश्वस्ताचं तत्त्व हा खालचा थर. तो गेल्या तीस-चाळीस वर्षांत हलला नाही, उलट मार्च २०२४ मध्ये माळढोकच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्कही त्यावर चढला. (त्याच निकालात माळढोकसाठी विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याचा आधीचा व्यापक आदेश सैल केला, हेही सांगायला हवं. पक्ष्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल.) वरचा थर म्हणजे अधिसूचना, मुदती, मंजुऱ्या. तो सतत हलतो. बंगळूरच्या तलावांभोवती न्यायाधिकरणाने मोकळा पट्टा वाढवून दिला होता, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कायद्याने केलेला आराखडा बदलणं तुमच्या अधिकारात नाही, म्हणाले. त्यामुळे अर्ज लिहिताना पाय खालच्या थरावर ठेवायचा.

आणि ताई, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, मुदत! न्यायाधिकरणात कलम १४ खाली जायचं तर वादाचं कारण *पहिल्यांदा* घडलं तेव्हापासून सहा महिने. पुरेसं कारण असेल तर वर साठ दिवस. 'रोज पडतंय' म्हणून रोज नवी मुदत मिळेल या भरवशावर राहू नका. मी चांगली प्रकरणं या एका शब्दावर आपटलेली पाहिली आहेत. भरपाई किंवा जागा पूर्ववत करून मागायची असेल तर कलम १५, तिथे पाच वर्षं. भरपाई मागत नसाल तर फी हजार रुपये. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच, कौन्सिल हॉलसमोर. गुजरात-गोव्याची माणसं त्यासाठी इथे येतात, आपण रिक्षाने जाऊ शकतो.

ओढ्याकाठची | बुधवार, रात्री १०:३५

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय कारण तीन दिवस तेच करत होते.

अप्पा, विकास आराखड्यात ओढा आहे. रुंदी मोजायला सोसायटीतले चौघे आले, पैकी दोघांना डास चावल्यामुळे मुद्दा एकदम पटला. सर्वांत अरुंद जागी चार मीटर भरली. जुन्या गट नकाशासाठी अर्ज दिलाय. दिवाळीनंतरच्या पहिल्या डंपरचा फोटो माझ्या फोनमध्ये निघाला, तारखेसकट. नशीब! मुलगी गॅलरीत फटाके उडवत होती त्याच्या मागे दिसतोय.

प्रांतसाहेबांकडचा अर्ज आज दिला. कलम १५२, सोबत फोटो, मोजमाप, क्षेत्रीय कार्यालयातल्या तीन अर्जांच्या पोच आणि शेवटी रतलाम. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "हे रतलाम काय आहे?" मी म्हटलं, "तिथेपण ओढाच होता." त्यांनी शिक्का मारून पोच दिली.

पेठकर, स्पायरल बाइंडिंग केलं होतं. चाळीस रुपये.

तिरकस पेठकर | बुधवार, रात्री १०:५०

अभिनंदन. लक्ष्मी रोडच्या आतल्या बोळात तीसमध्ये होतं.

न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर हजारातले पाचशे माझे. हे मस्करीत लिहीत नाहीये.

सिंचनवाले अप्पा | गुरुवार, सकाळी ६:४०

चार मीटर कुठल्या बाजूने मोजलीत? काठाच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत की तळात? दोन्ही आकडे लागतील. रविवारी मी येतो टेप घेऊन, गमबूट आहेत माझ्याकडे.